कडी वाजते तिथं

मुक्काम नरसी, जत्रेतला तंबू
सन १९४१

वडील बहीण हाजराबी आपा यांस,

धाकट्या इब्राहीमचा अदबीनं सलाम. तुमचे गुडघे, भाईजानांचा दमा आणि तुमची ती मारकी बकरी, सगळ्यांची तब्येत अल्लाच्या मेहरबानीनं ठीक असेल असं धरून चालतो. तुमच्या भावजयीला, जुलेखाला आई नाही, म्हणून पहिल्या बाळंतपणाला तुम्ही तिला डोंगरकड्याला तुमच्या घरी नेलंत, हे मी जन्मभर विसरणार नाही. (तिला चिंच देऊ नका. मागते फार, पण मग छातीत जळजळतं.)

इकडे आमच्या टॉकीजच्या तंबूत भुताची फिलीम लागली आहे. रक्त पुष्कळ आहे म्हणून मालकानं हौसेनं आणली. पण पडद्यावर सगळं काळंपांढरं. पहिल्याच खेळाला भुतानं एकाचा गळा कापला आणि तांड्यावरचे रामसिंग नाईक मोठ्यानं म्हणाले, "काकवी सांडून राहिली की रे." तंबू हसत सुटला. बायकांच्या कनातीआडून कुणीतरी भुताला फडकं आणायला सांगितलं. मालकाचं तोंड उतरलं.

मग मशीनवाला म्हणून मी डोकं चालवलं. रक्ताचा तुकडाच काढून टाकला. त्याच्या आधी एक बाई घरात एकटी बसलेली असते आणि बाहेरून दाराची कडी वाजते, तेवढं ठेवलं. आमचं मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलायला थांबावं लागतं आणि तेव्हा आम्ही बत्ती लावतो. मी रीळ नेमकं कडीवर संपवलं आणि बत्ती लावलीच नाही. आपा, कुणी विडीसुद्धा पेटवेना. रामसिंग नाईक चाचपडत माझ्यापाशी आले, माझी बाही धरली आणि हळूच म्हणाले, "दाराभाईर कोन हाय तेवढं सांग. म्या कुनाला सांगत न्हाई." मी सांगितलं नाही. (त्या अंधारात मलाही नक्की आठवेना.) तेव्हापासून तंबू रोज भरतो आणि लोकांना ताटकळत ठेवण्यात मी उस्ताद झालो, असं मला वाटायला लागलं होतं.

परवा तुमचं कार्ड आलं. तुमचे सलाम, शेजारणीचे सलाम, बकरीनं कुणाकुणाला शिंग मारलं ते सविस्तर, आणि अगदी तळाशी, "जुलेखाचं म्हणशील तर काल संध्याकाळपासून". इथं कार्ड संपलं. मी ते उलटंपालटं केलं, पत्त्याच्या बाजूलाही पाहिलं. मला भाकर जात नाही, आपा.

तुमचा,
इब्राहीम

ता. क. उत्तरात सलाम नकोत, गुडघे नकोत, बकरी तर नकोच. पहिल्या ओळीत जुलेखाचं लिहा.

ता. क. दुसरा (पेन्सिलीनं लिहितोय, माफ करा). पत्र पोस्टात टाकलंच नाही. रामसिंग नाईकांना कार्ड वाचून दाखवलं, तर त्यांनी "पुढं काय झालं?" म्हणत बैलगाडीच जुंपली. आता तुमच्या दाराबाहेर उभा आहे. हात कडीवर आहे, पण वाजवायचा धीर होत नाही, म्हणून हे फटीतून आत सरकवतो. दार सावकाश उघडा. आधी आतूनच, जुलेखा बरी आहे, एवढं म्हणा.