तोंड वासलेली गाडी

तीर्थस्वरूप दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत असाल आणि घेतली की नाही ते आठवत नसल्यास पुन्हा एक घेत नसाल, अशी आशा आहे. (ताई असताना ही चौकशी मी तिच्याकडे करायचो आणि ती तुमच्यादेखत खरं काय ते सांगायची. आता तुमच्याच शब्दावर विश्वास ठेवायची पाळी आली.) मी ठीक आहे. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "ती गेली, आता मी तिकडे येऊन काय करू?" मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर बराच वेळ मी त्या "बरं"वर चिडून बसलो होतो. फोनवर मला वेळेवर काही सुचत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून हे पत्र. पण ते तुमच्या येण्या-न येण्याबद्दल नाही. ते माझ्या गाडीच्या बॉनेटला तुम्ही पाडून ठेवलेल्या भोकाबद्दल आहे, आणि ते तक्रारीचं आहे.

आठवत नसेल तर आठवण करून देतो. ताईच्या माघारी तुम्ही पहिल्यांदा एकटे माझ्याकडे आलात तेव्हा कडक ऊन होतं. आपण दोघं समोरासमोर बसायचो, पंख्याकडे बघायचो, आणि इतकी वर्षं आपलं सगळं बोलणं ताईमार्फत चालत होतं हे दोघांच्याही लक्षात यायचं. (तुम्ही तिला सांगायचात, "त्याला विचार, चहा घेणार का." मी तिथेच, हाताच्या अंतरावर.) शेवटी एका सकाळी तुम्ही उठून बाहेर गेलात, गाडी चालू केलीत, डॉक्टरासारखा कान लावलात आणि निदान केलंत की हिचा जीव गुदमरतोय. मला वाटलं, मन रमतंय तर रमू दे. दुपारपर्यंत तुम्ही बॉनेट कापून मोकळे झाला होतात. त्या भोकावर जुन्या डब्याचा पत्रा वाकवून तुम्ही पुढच्या बाजूला उघडं असं एक तोंड बसवलंत. मेकॅनिक त्याला स्कूप म्हणतो; आमच्या गल्लीत सगळे नुसतं "तोंड" म्हणतात. मी पत्रा धरला, तुम्ही ठोकलात, आणि जेवताना आपण पहिल्यांदा एकमेकांशी सरळ बोललो, तेही पत्र्याच्या जाडीबद्दल. ते दिवस फार चांगले गेले. हे तक्रारीच्या पत्रात लिहायला नको होतं, पण लिहून झालं. गाडीही उन्हात झकास पळाली. निघताना तुम्ही म्हणालात, पावसाच्या आत येतो आणि झाकण बसवून देतो.

पाऊस आला. तुम्ही आणि झाकण, दोघंही आला नाहीत. आता गाडी जितकी जोरात हाकावी तितकं जास्त पाणी पिते. ते थेट प्लगच्या वायरींवर पडतं, इंजिन दोन-तीनदा ठसकतं आणि भर रस्त्यात बसकण मारतं. मग बॉनेट उघडायचं, वायरी पुसायच्या आणि त्या सुकेपर्यंत तोंड लपवायला जागा शोधायची. ज्या माणसाने निवृत्त होईपर्यंत पाणीपुरवठा खात्याच्या खिडकीत बसून लोकांच्या गळतीच्या तक्रारी घेतल्या आणि प्रत्येकाला "बघतो" म्हणून घरी धाडलं, त्याच्या गाडीत पाणी शिरावं याचं माझ्या ओळखीच्या सगळ्यांना भारी कौतुक वाटतं.

उपाय केले नाहीत असं समजू नका. आधी पातेल्याचं झाकण सुतळीने बांधलं. ते वळणावर सुटलं आणि घरंगळत सलूनमध्ये शिरलं, तिथून एक गिऱ्हाईक गालाला फेस लावलेल्या अवस्थेत ते परत द्यायला बाहेर आलं. मग प्लास्टिकची पिशवी बांधली. तिच्यात वारा भरून ती एवढी फुगली की मला समोरचा रस्ता दिसेना, आणि चौकातल्या हवालदाराने हे काय घेऊन चाललात म्हणून गाडी बाजूला घ्यायला लावली. नंतर गाडी गॅरेजसमोरच बसली, तेव्हा मेकॅनिकने मात्र अक्कलहुशारीचा सल्ला दिला. म्हणाला, पत्रा उलटा फिरवू, तोंड काचेकडे करू, हवा खेळेल आणि पाणी जाणार नाही. मी म्हणालो, नको, ते दाजींनी बसवलंय. त्याने विचारलं, दाजी कोण. मी सांगायला लागलो ते ताईच्या लग्नातल्या तुमच्या आखूड झालेल्या कोटापासून सुरू झालो. (माफ करा, पण तो कोट खरंच आखूड होता.) मग त्याने त्याच्या बहिणीचं सांगितलं. वायरी केव्हाच सुकल्या होत्या.

पुढच्या पावसात गाडी इस्त्रीच्या दुकानासमोर बंद पडली. दुकानातल्या बाईंनी मला आत घेतलं, वायरी पुसायला फडकं दिलं आणि देण्याआधी त्या फडक्यावर इस्त्री फिरवली. फडक्याला कशाला इस्त्री, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, गरम फडक्याने लवकर सुकतं, आणि चुरगळलेली वस्तू माझ्या हातून जात नाही. बोलता बोलता माझ्या शर्टाच्या कॉलरकडे त्यांचं लक्ष गेलं. तेव्हापासून माझे शर्ट त्यांच्याकडे जातात. दुकानात एक स्टूल आहे. पूर्वी त्यावर कपड्यांचं गाठोडं असायचं, आता आभाळ भरून आलं की बाई ते गाठोडं उचलून खाली ठेवतात.

आता खरी गंमत सांगतो. ताई शेवटची आली होती तेव्हा न्हाताना केसांवर घालायची तिची प्लास्टिकची टोपी माझ्या न्हाणीघरात विसरली. फुलाफुलांची, कडेला इलॅस्टिक असलेली. ती खिळ्यावर तशीच आहे. मागच्या आठवड्यात दात घासताना मी तिच्याकडे बघत होतो आणि डोक्यात प्रकाश पडला. खाली गेलो, टोपी गाडीच्या तोंडावर चढवली. दाजी, मापाने शिवल्यासारखी बसली. (गाडीचं तोंड तिच्या डोक्याच्या मापाचं निघालं, यावर ताई तुम्हाला काय म्हणाली असती ते लिहीत नाही.) त्या दिवशी धो धो पाऊस होता आणि गाडी एकदाही ठसकली नाही. वाचनालयात जाऊन आलो, भाजी घेतली, बँकेवरून घरी आलो. सलून मागे गेलं, मेकॅनिक मागे गेला, इस्त्रीवाल्या बाईंनी गाडी बघून हात केला आणि मी पुढे निघून गेलो, कारण चालू गाडी थांबवायला काही कारण लागतं. घरी येऊन दार लावलं तेव्हा लक्षात आलं, दिवसभरात मी एकच वाक्य बोललो होतो, भाजीवाल्याला, "पिशवी आहे माझ्याकडे." घर इतकं गप्प होतं की मी नळ सोडून ठेवला. पाणीपुरवठ्यातला माणूस, आणि उगाच नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी टोपी धुतली, वाळवली आणि तिच्या खिळ्यावर परत लावली.

तर तक्रार एवढीच की तुम्ही शब्द दिलात आणि पाळला नाहीत. झाकणाचं लवकर बघावं ही विनंती.

तुमचा,
ओला मेहुणा

ता. क. झाकण तयार असेल तर पार्सलने पाठवू नये. पार्सलं गहाळ होतात.

आणखी ता. क. तयार नसेल तर करू नये.

आणखी एक ता. क. पत्र चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. येऊन काय करू, असं तुम्ही विचारलंत. गाडी बंद पडली की ढकलायला माणसं मिळतात, इथली माणसं चांगली आहेत. पण ती ढकलत असतात तेव्हा मी स्टिअरिंग धरून आत एकटा असतो आणि शेजारची सीट रिकामी असते. तिथे बसून "आता क्लच सोड" असं ओरडायला घरचं माणूस लागतं. ताई गेली म्हणून तुम्ही माझे कोणी राहिला नाहीत, असं मला तरी कुणी सांगितलेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर तो माणूस घेऊन या, दोघं मिळून त्याला गाडी ढकलायला लावू.

शेवटचं ता. क. पाऊस असतानाच यावं. येताना छत्री आणावी. माझी छत्री इस्त्रीच्या दुकानात राहिली आहे, आणि बाईंनी दोनदा आठवण करूनही मी ती आणलेली नाही.