विसाव्याचा पिंपळ

पुष्पलता,

तू येशील तेव्हा मी घरी नसेन. रामाजीची तिरडी विसाव्याला पिंपळाखाली टेकवली आणि त्याच्या मुलाच्या, देवाजीच्या, हातातल्या विस्तवाच्या मडक्याचा धूर वरच्या आग्यामोहोळाला लागला. माश्या अशा उठल्या, की आम्ही सगळे त्याला तिथेच सोडून पळालो. मीही पळालो. देवाजी दवाखान्यात आहे. त्याचे डोळे उघडत नाहीत, पण "बाबा एकटाच राह्यला" हे सारखे चालू आहे.

मी महाल भागात घरोघरी जाऊन आलो. कोणी डंखांवर चुना लावून बसले आहे, कोणी लोखंड घासते आहे. धोंडबा म्हणाला, "म्हाताऱ्यानं जाता जाता साऱ्यायले परसाद देल्ला जी, गुरुजी! आता मले नका बोलावू." हसला खरा, पण त्याने दार लोटून घेतले. खांद्याला आज कोणी येईल असे वाटत नाही.

संध्याकाळी मुले शिकवणीला येतील, त्यांना परत पाठव. माश्या वाईट असतात का, असे विचारतील. धुरामुळे माश्यांना आपले घर जळते आहे असे वाटले, एवढे नीट समजावून सांग.

मला थोडे डंख आहेत. जेवायला थांबू नकोस.

तिरडी माझ्या एकट्याने उचलवणार नाही, हे मला कळते. पण शाळेत रामाजी शिपाई असताना शेवटचे पोर घरी गेल्याशिवाय फाटकातून कधी हलला नाही. त्याच्याजवळ निदान कोणी बसलेले असावे.

बाबा