राजाचं झालं मढं

ती. दादा,

लांबूनच पायावर डोकं ठेवतो. मी खुशाल हाय, दोन्ही येळा पोटभर जेवायलोय. आईला तसंच सांगा.

पण मला माझीच किळस यायलीय. इथं पुण्यात माझ्या खोलीवरची पोरं रविवारी टेबलावर लढाईचा खेळ मांडतात. त्यातली माणसं प्लास्टिकची, अंगठ्याएवढी. ज्यानं त्यानं आपापली रंगवायची. मला त्यांनी एक राजा दिला. म्हटलं, रंगवायचं काय अवघड? पोळ्याला आपल्या सर्जाची शिंगं मीच रंगवतो की!

झालं. तसलाच ऑइलपेंट आणला अन् शिंगाला लावतो तसा दाट थापला. राजाचं नाक, डोळे, मिशा, सगळं बुजलं. अजून वाळंना. तोंडावर माझा केस चिकटलाय अन् एक मेलेलं चिलट. टर्पेंटाइनच्या वासानं जेवण जाईना. थू! बघवंना.

मागून कळलं, आधी अस्तर द्यायचं, मग पाण्यात कालवलेला रंग पातळ पातळ चढवायचा.

वरून पोरं लय खूश! त्यांच्या खेळात मढ्यांचीबी फौज असती. म्हणले, "उद्धव, सडलेलं मढं काय हुबेहूब केलंस!"

इथं आल्यापासून पहिल्यांदाच कुणी मला नावानं हाक मारली. म्हणून मला जिता राजाच रंगवायचा होता, हे सांगितलंच न्हाई.

सर्जाचा पाय बरा हाय का? औंदा शिंगं तुम्ही रंगवणार, मग त्याचं डोकं कोण धरणार?

एक शिंग माझ्यासाठी कोरं ठेवा, दादा.

तुमचा,
उद्धव