आजोबांची अंगाई

शुक्रवार, संध्याकाळ. रेवदंडा

राग अजून उतरत नाही. लोकगीतं गोळा करायला मुंबईहून आलेल्या त्या पाहुण्याला आईने आज अंगाई ऐकवली. तिच्या बापाची, म्हणजे माझ्या आजोबांची. ते मोठ्या बोटीवर खलाशी होते. पाहुण्याने मध्येच मोबाइलवरचं रेकॉर्डिंग थांबवलं आणि हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

म्हणाला, "आजी, ही चाल स्कॉटलंडची आहे. तिकडच्या मच्छीमारांच्या बायका म्हणायच्या, दर्यात गेलेल्या नवऱ्यांसाठी. तुमच्या वडिलांनी बोटीवर कुणा गोऱ्याकडून उचलली असणार. आम्हाला अस्सल कोळीगीतं हवीत."

आई एवढंच म्हणाली, "म्हंजे माजा बाप खोटं बोलला? तो सांगायचा, मीच रचलंय."

मी म्हटलं, शब्द आजोबांचेच आहेत. त्यात आमची खाडी आहे, आईचं नाव आहे. ते नाव काय स्कॉटलंडहून आलं? तर पुन्हा तेच हसू. मग मात्र मी त्याला सरळ जायला सांगितलं. पाहुण्याशी असं वागले, पण वाईट वाटत नाही.

मघाशी माझी नात रडायला लागली. आई पाळणा नुसताच हलवत बसली. विचारलं, तर म्हणते, "परक्याचं कशाला म्हनू?"

मग मीच सुरू केलं. माझा गळा असा, त्यात संताप. दुसऱ्या ओळीला आईने माझा हात दाबला. "तितं आवाज वर ने," म्हणाली, आणि स्वतःच म्हणून दाखवलं.