सासऱ्यांचा मऊ वॉशर

४ जून

प्रिय मावशी,
शि. सा. न. वि. वि. (बघ, इंग्लिश मीडियमची असून सगळं बरोबर लिहिलं!)

तुझ्या सांगण्यावरून ती गर्भनिरोधक रिंग सुरू केली आणि मी तर फॅनच झाले! रोज गोळी लक्षात ठेवायची कटकट नाही. आपल्या हातानं योनीत सरकवायची, तीन आठवडे विसरून जायचं, मग काढून एक आठवडा सुट्टी. क्रेनवर चढले तरी जाणवत नाही. क्रेन चालवायच्या लायसन्सची परीक्षा होईपर्यंत, म्हणजे वर्षभर, बाळ नको असं आमचं दोघांचं ठरलंय. सासूबाईंना मात्र सांगितलेलं नाही. त्या नातवंडाची वाट बघतायत.

सोमवारी घोळ झाला. नवी रिंग घालायचा दिवस, आणि फ्रिजच्या दारात ठेवलेलं तिचं पाकीट गायब! सासरे पडले प्लंबर. सिंकखालचा पाइप गळत होता. त्यांना वाटलं, सुनेनं न सांगता वॉशर आणून ठेवला. बसवला की! वर जेवताना कौतुक, की चाळीस वर्षांत इतका मऊ वॉशर हाताला लागला नव्हता. नवरा हसू दाबायला टेबलाखाली चमचा शोधत बसला.

दुसरी रिंग मंगळवारी मिळाली. डॉक्टर म्हणाल्या, उशीर झालाय, सात दिवस कंडोमही वापरा. ते जमेल गं. पण पाकिटातला माहितीचा कागद सापडत नाहीये. सासूबाईंच्या हाती लागला तर म्हणतील, आधी बाळ, मग क्रेन. काय करू?

तुझी घाबरलेली,
भिंगरी

९ जून

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र वॉर्डात वाचलं. इतकी हसले की पेशंटनंच मला पाणी दिलं. आता ऐक. सासूबाईंच्या हाती कागद लागायच्या आत तूच सांगून टाक. साठ फूट वर एकटी चढतेस आणि स्वयंपाकघरात जायला घाबरतेस? आणि पाइपातली ती रिंग फेकून दे, धुऊन ठेवू नकोस. तुझा चिक्कूपणा मला माहीत आहे.

लोभ आहेच, मागायचीही गरज नाही.
मावशी

१५ जून

प्रिय मावशी,
सा. न.

धीर करून सांगायला गेले, तर सासूबाई चष्मा लावून तोच कागद वाचत होत्या. तोही दुसऱ्यांदा! सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, की परीक्षा नक्की कधी. तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि दम भरला, की इतकं करून नापास झालीस तर माझ्याशी गाठ आहे.

सासरे अजून विचारतात, तसला वॉशर कुठे मिळतो.

आज फ्रिज उघडला, तर पुढच्या महिन्याच्या पाकिटावर सासूबाईंच्या अक्षरात चिठ्ठी: ‘सुनेचं आहे. पाइपाला लावू नये.’

ती रिंग काढून फेकली, तर पाइप परत गळतोय. तुझा लोभ तेवढा गळू देऊ नकोस.

तुझीच,
भिंगरी