बाबिलोनची सत्तर वर्षे, आमची पाच

मी, पद्माकर दत्तात्रय सोनटक्के, वय ७४, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला टूलमेकर, मूळचा सांगलीचा, राहणार रेगेन्सबर्ग, जर्मनी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. चहा झाला आहे, डोके ताळ्यावर आहे. मागचे मृत्युपत्र जावयाने छान टाइप करून दिले होते. इथल्या कायद्याने ते रद्दी. घरच्या घरी करायचे तर अक्षर न् अक्षर स्वहस्ते लागते. तेव्हा माझे अक्षर सहन करावे.

१. राहते घर व सांगलीचा फ्लॅट पत्नी नीलिमा हिला. फ्लॅट 'पाच वर्षांनी परत जायचंय' म्हणून घेतला, त्याला अडतीस वर्षे झाली. ठेवायचा की विकायचा, तिने ठरवावे. मी मध्ये बोलणार नाही.

२. हत्यारे मुलगी सुकन्या हिला. मायक्रोमीटर जावयाच्या हाती देऊ नये.

३. परत जाताना लागतील म्हणून तळघरात जपलेली मिक्सर-टीव्हीची रिकामी खोकी टाकून द्यावीत. स्नेही राजाभाऊ इतकी वर्षे त्यांना हसले, त्यांनीच ती उचलावीत.

४. यहुदी धर्मग्रंथांवरच्या माझ्या चार वह्या नात अनुष्का हिला. वाचनालयात बसून आपला आपणच शिकलो, चुका असतील. सार असे: बंदी करून बाबिलोनला नेलेल्या यहुद्यांना एका संदेष्ट्याने सांगितले, सत्तर वर्षांनी परत जाल. लोक परतलेही, पण राज्य परक्यांचेच राहिले. मग शेकडो वर्षांनी दुसऱ्या एकाने अर्थ लावला: सत्तर म्हणजे सात-सात वर्षांचे सत्तर आठवडे, चारशे नव्वद वर्षे. म्हणजे वनवास संपलेलाच नाही. होता होता गोष्ट गावी परतण्याची उरलीच नाही. हे युगच संपेल, मेलेले उठतील, न्याय होईल, इथवर गेली.

"आल्झो, म्हणजे आजोबा," अनुष्का म्हणाली, "व्हिसासारखी फेअरलेंगरुंग." मुदतवाढ. पोरीने चार वह्या एका शब्दात बसवल्या.

नीलिमा म्हणाली, "त्यांची सत्तर तरी संपली. तुमची पाच संपेनात."

५. माझी रक्षा इथल्याच स्मशानभूमीत पुरावी.

६. माझ्या पश्चात नीलिमाने बागेचा तुकडा घ्यावा. (हे कलम खोडले आहे. प. द. सो.)

खोडण्याचे कारण: तिला बाग हवी होती आणि मी चाळीस वर्षे "जायचंच आहे, कशाला?" म्हणत आलो. त्या पहिल्या संदेष्ट्याने तर बंदिवानांना पत्र धाडून कळवले होते, तिथेच घरे बांधा, बागा लावा. ते मी तिसऱ्या वहीत लाल शाईने उतरवले आणि पान उलटले. आता नीलिमाने खांद्यावरून हे कलम वाचले.

"अहो, म्हणजे वांगी लावायला मी तुमच्या मरणाची वाट बघू?"

मी उठलो, शेजारच्या फ्राऊ ब्रांडल यांची बेल वाजवली. गुडघ्यांमुळे त्यांना आपली बाग झेपत नाही; तिचा एक तुकडा लावायला मागितला. "हो, हो, अर्धी तुमची," म्हणाल्या, "उद्याच या."

दुकान आठला बंद होते. खुरपे घ्यायचे आहे आणि नीलिमा बूट घालून दारात उभी आहे. म्हणून इथेच सही करतो.

पद्माकर दत्तात्रय सोनटक्के

साक्षीदार (कायद्याला लागत नाहीत, मला लागतात):
१. राजाभाऊ चिपळूणकर
२. फ्राऊ ब्रांडल (मजकूर नीलिमाने जर्मनमध्ये सांगितला, सहाव्या कलमाला हसल्या)

रेगेन्सबर्ग, शुक्रवार, १७ एप्रिल २०२६