जुनी आवृत्ती कायम ठेवण्याबाबत

मी, प्रतिभा खंडेराव ढोमसे, वय ४६, शिक्षण बी.एस्सी., राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझी शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. संमतीसाठी हिरवे बटणही कोणी पुढे केलेले नाही, हे मुद्दाम नमूद करते.

१. इंदिरानगरचा फ्लॅट व बँकेतील ठेवी भाची तेजस्विनी हिला मिळाव्यात.

२. निफाडची माझ्या नावची द्राक्षबाग. येथे खुलासा करणे भाग आहे. कडाक्याच्या थंडीत मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून आम्ही पहाटे बागेला ठिबकचे पाणी सोडतो. ते बाबांच्या फोनवरून सुटते. डिसेंबरात फोनमधली ती यंत्रणा अचानक नवी झाली आणि 'जमिनीत ओलावा पुरेसा आहे' असे परस्पर ठरवून तिने ऐन गारठ्यात पाणी बंद केले. कडेच्या ओळी तडकल्या. तेजस्विनीने जुनी आवृत्ती परत घातली. चार दिवसांत पुन्हा नवी!

माझा भाऊ संतोष ही यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीचाच माल निफाडात विकतो. तो म्हणाला, "ताई, जुन्याला काय कवटाळून बसलीस? नव्यात लय सोयी आहेत."

"कोणाच्या सोयी?" मी विचारले. तो हसला. ते हसू मी रोजनिशीत टिपून ठेवले, नवी आवृत्ती तोच गुपचूप घालतो असे धरून त्याच्याशी बोलणे टाकले आणि जानेवारीत दुसरे मृत्युपत्र करून त्याला बागेतून वगळले.

गेल्या रविवारी बागेत बसले असताना 'नवी आवृत्ती घालू का?' असे विचारणाऱ्या फोनवरच्या हिरव्या बटणावर बाबांनी माझ्यासमोरच बोट टेकवले.

"बाबा, हे काय केलंत?"

"रोज इचारतंय बिचारं. दारात आलेल्याला किती दिस नाय म्हणायचं? म्हणलं, हो."

"अहो, तो फोन आहे!"

"मग? त्यानं इचारलं तरी. तू संत्याला तेवढं बी नाय इचारलं."

३. सबब दुसरे मृत्युपत्र रद्द. बागेबाबत पहिले मृत्युपत्र पुन्हा लागू राहील: बाग संतोषची. त्यातला एकही शब्द मी सुधारलेला नाही.

४. कंपनीवरचा संशय मात्र मागे घेत नाही. पडद्यावर 'हो' आणि 'नंतर' एवढीच दोन बटणे आहेत, 'नाही' ठेवलेलेच नाही. ते का, हे संतोषने वरपर्यंत जाऊन विचारावे. उत्तर हसून देऊ नये.

५. माझ्या रोजनिश्या न वाचता जाळाव्यात. या हिवाळ्यातली आधी.

६. बाबांचा फोन बाबांकडेच राहावा. 'नंतर' कोणते ते संतोषने त्यांना शेजारी बसून दाखवावे, लागेल तितक्या वेळा. नाही म्हणणे त्यांच्याने या वयात होणार नाही.

वरील मजकूर दोनदा वाचून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही : प्रतिभा खंडेराव ढोमसे
साक्षीदार : १. तृप्ती योगेश गडाख (सही)
२. हर्षाली मुकुंद कुलथे (सही)
ठिकाण : नाशिक
दिनांक : ६ फेब्रुवारी २०२५